'माती स्वच्छ' म्हणजे नेमकी कुठली माती?

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : बंद पेट्रोल पंपांच्या जागांची माती व भूजल तपासणी

महोदय,

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेवर इमारत, शाळा किंवा बाग होणार अशी बातमी आली की तिच्या शेवटी एक ओळ हमखास असते : 'मातीची तपासणी झाली असून जागा स्वच्छ आढळली आहे.' वाचणारा निश्चिंत होतो. नमुने कुठून घेतले, किती खोलीवरून, बाटलीत कसे भरले आणि प्रयोगशाळेने कशाकशाचा शोध घेतला, हे त्या ओळीत कधीच नसते. खरे तर तपासणीचा सगळा जीव त्यातच असतो. दोन-तीन ठिकाणी फावडे मारून वरची माती बरणीत भरली आणि अहवालात 'आढळले नाही' असा शिक्का आला, तर त्यावरून एवढेच सिद्ध होते की जिथे पेट्रोल नसते तिथे ते सापडले नाही.

आधी प्रमाणाचा अंदाज घेऊ. बऱ्याच देशांत पेट्रोलमधील बेन्झीनला सुमारे १ टक्क्याची मर्यादा आहे. तसे १ लिटर पेट्रोल घेतले तर त्यात १० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ९ ग्रॅम बेन्झीन असते. बेन्झीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. भागाकार केला तर एका लिटर पेट्रोलमधले बेन्झीन ८ ते ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. प्रत्यक्षात ते इतके समान मिसळत नाही, काही उडून जाते, काही जिवाणू खातात. पण आपण बादल्यांचा नव्हे, पेल्यांचा हिशेब करतो आहोत हे ध्यानात येण्यासाठी हा आकडा पुरेसा आहे.

आता गळतीकडे. सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर पेट्रोल जमिनीत सोडतो. 'साठ्याचे रजिस्टर रोज जुळत होते, गळती असती तर कळलीच असती', असे पंपाची माणसे प्रामाणिकपणे सांगतात. त्यांचा प्रामाणिकपणा खरा, निष्कर्ष चुकीचा. २ मीटर व्यासाच्या आणि ६ मीटर लांबीच्या आडव्या टाकीत निम्म्या पातळीला डिपस्टिकवरचा (टाकीतला माल मोजायच्या पट्टीवरचा) १ मिलिमीटर म्हणजे १२ लिटर. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगते. १०,००० लिटर मालात १० अंशांचा फरक पडला की १०० लिटर 'वाढतात' किंवा 'घटतात'. या चढउतारात रोजचे ४ लिटर सहज लपतात, आणि तेही वर्षानुवर्षे.

गळते कुठून, यावर तपासणीची जागा ठरते. लोकांच्या डोळ्यासमोर टाकीच येते. टाक्याही गंजतातच. जुन्या पोलादी टाक्यांत डिपस्टिक नेमकी जिथे रोज आपटते तिथे तळ झिजून भोक पडते. म्हणूनच पुढे त्या जागी जाड पत्रा बसवू लागले. पण बहुतेक त्रास टाकीपेक्षा तिच्या आसपासचा असतो : पाइपचे सांधे, गाडीत पेट्रोल भरणाऱ्या मशीनखालच्या लवचिक जोडण्या, टँकर रिकामा करतानाच्या तोंडाशी दर खेपेला सांडणारे अर्धा-एक लिटर. टाकीतून मशीनकडे माल जाण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मशीन माल ओढून घेते. पाइप फुटला तर आत हवा शिरते, मशीन ठसकते आणि गडबड लक्षात येते. दुसरीत टाकीतला पंप माल दाबाने ढकलतो. तिथे फुटलेला पाइप गुपचूप बाहेर ओतत राहतो. त्या जागेवर यांपैकी कोणती पद्धत होती, हा तपासणीचा पहिल्या दिवशीचा प्रश्न आहे.

म्हणून काम फावड्याने नव्हे, कागदांनी सुरू व्हावे. अग्निशमन खात्याकडचे परवाने, टाक्यांचे नकाशे, टाकी-चाचण्यांच्या नोंदी, जुनी हवाई छायाचित्रे, शेजारच्या विहिरींची व बोअरची यादी, गटारांचे आराखडे हे सगळे गोळा करावे आणि जुन्या कामगारांशी निवांत बोलावे. पंप ४०-५० वर्षे चालला असेल तर टाक्यांच्या दोन पिढ्या जमिनीत असू शकतात. मशीनची रांग एकदा तरी सरकलेली असते आणि जुने पाइप काढायच्या फंदात कोणी पडलेले नसते. कागदावर तीन टाक्या आणि जमिनीत चार, हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. चौथी बहुधा वापरलेल्या ऑइलची किंवा केरोसीनची निघते. पोलादी टाकी चुंबकीय मापनात चटकन दिसते. जमिनीत रडार-लहरी सोडून शोधायची पद्धतही चांगली आहे, पण ओल्या चिकणमातीत त्या लहरी दोन हातांतच विरतात. तिथे 'रडारला काही दिसले नाही' याला काहीच किंमत नाही.

पंपाला जोडून गॅरेज होते का, हेही विचारायलाच हवे. गॅरेजच्या खड्ड्यात, फरशीच्या नाल्यात आणि तेल-पाणी वेगळे करणाऱ्या टाकीत सुटे भाग धुण्याची क्लोरीनयुक्त द्रावके जातात. पेट्रोल पाण्यावर तरंगते. ही द्रावके पाण्याहून जड, ती तळाला जातात. टेट्राक्लोरोएथिलीनची घनता १.६ च्या आसपास आहे. पेट्रोल शोधायला भूजलाच्या माथ्यावर खोदलेली विहीर या द्रावकांना कधीच भेटत नाही.

टाक्या उकरून काढण्याचा दिवस हा सगळ्या तपासणीतला सर्वांत मोलाचा दिवस, आणि बहुधा वाया जाणारा दिवसही तोच. आधी जिवाची गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, खड्ड्यात साचते आणि हवेत तिचे प्रमाण १.४ टक्क्यांवर गेले की ठिणगीची वाट पाहते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत पेट्रोल नसले तरी वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून टाकी कापण्यापूर्वी आतली हवा निष्क्रिय वायूने हुसकावणे किंवा सुके बर्फ घालणे, आणि स्फोटमापक यंत्राने टाकीत तळाशी, मध्यावर व माथ्याला मोजणे, यात सूट नाही. खड्ड्यात माणूस उतरवून नमुने घेऊ नयेत. उत्खनन यंत्राच्या बकेटमधून माती वर आणावी आणि बकेटच्या मधल्या, लोखंडाला न लागलेल्या भागातून नमुना घ्यावा.

टाकी बाहेर आली की तिचा तळ पाहावा, छिद्रे मोजावीत, फोटो काढावेत. मग टाकीच्या दोन्ही टोकांखालून, भराव संपून मूळ जमीन लागते तिथली माती घ्यावी. 'मूळ जमीन' हा शब्द इथे महत्त्वाचा. टाकीभोवती वाळू किंवा खडी भरलेली असते. तिच्यातून पेट्रोल गाळणीतून जावे तसे निघून जाते, मागे फारसे उरत नाही. भरावाचा नमुना स्वच्छ येतो आणि त्याखाली हातभर अंतरावरची माती पेट्रोलने ओथंबलेली असते. खड्ड्याच्या चारही भिंतींतून, पाइपच्या चरात दर ५-६ मीटरला आणि प्रत्येक सांध्याखाली, प्रत्येक मशीनखाली, टँकरच्या तोंडाखाली असे नमुने लागतात. साध्या दोन टाक्यांच्या, चार मशीनच्या पंपाला यातूनच वीसेक नमुने होतात. तीन नमुन्यांचा अहवाल पाहिला की बाकीचे सतरा कुठे गेले हे विचारावे.

चिकणमातीत खोदलेला टाकीचा खड्डा हौदासारखा वागतो. पावसाचे पाणी त्यात साचते आणि त्यावर तवंग दिसतो. ते पाणी भूजल नव्हे. ते उपसून टाकून 'भूजल स्वच्छ केले' असे लिहिणे चूक, आणि त्याचाच नमुना घेऊन 'भूजल दूषित' म्हणणे तितकेच चूक.

आता खोलीचा प्रश्न, कारण बहुतेक 'स्वच्छ' अहवाल इथेच कोसळतात. पेट्रोल गळाले की ते जवळजवळ सरळ खाली उतरते. वाटेत चिकणमातीचा थर आला तर त्याच्या उतारावरून आडवे सरकते, फट मिळाली की पुन्हा खाली. भूजलाच्या जरा वर, जिथे माती पाणी वर ओढून धरते त्या ओलसर पट्ट्यापाशी ते थांबते आणि पसरते. पाण्याची पातळी ऋतूनुसार वरखाली होते. तिच्याबरोबर पेट्रोलही वरखाली होते आणि त्या सगळ्या जाडीत मातीच्या कणांना चिकटत जाते. भिंतीवर पुसलेल्या हातासारखा हा माखलेला पट्टा, हाच प्रदूषणाचा खरा साठा. पाणी ६ मीटरवर असेल आणि वर्षभरात दोन मीटर हलत असेल, तर माखलेला पट्टा साधारण ४ ते ७ मीटरच्या दरम्यान सापडेल. एक मीटर खोलीवरची माती तिथे नाकाला लावली तरी काही कळणार नाही.

म्हणून बोअर भूजलपातळीच्या खाली किमान एक-दोन मीटर जायला हवे आणि त्यातला गाभा, म्हणजे मातीची अखंड कांडी, सलग काढून, लांबीत चिरून, थरांची नोंद व्हायला हवी : रंग, पोत, ओल, वास, डाग, बारीक फटी. पहिला दीड मीटर हाताने खोदावा, कारण त्या पट्ट्यात वीज, पाणी आणि विसरलेले पाइप असतात. हवेच्या दाबाने चालणारे खोदकाम झटपट होते खरे, पण ती हवा मातीतले बाष्पशील पदार्थ उडवून नेते. खडकाशिवाय ते वापरू नये, आणि वापरलेच तर त्या चुऱ्यातून मातीचे नमुने घेण्याचा आव आणू नये.

बोअर घेताना जागेवरच पीआयडी हे हातात धरायचे वाफमापक यंत्र उपयोगी पडते. जाड पिशवी अर्धी मातीने भरायची, तोंड बांधायचे, ढेकळे चुरायची, दहा मिनिटे कोमट जागी ठेवायची आणि यंत्राची नळी आत खुपसून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. हे करताना आकड्याला आकडा समजू नये. यंत्र आयसोब्यूटिलीन वायूवर जुळवलेले असते, त्यामुळे ते बेन्झीन किती हे सांगत नाही, 'इथे काहीतरी आहे, तिथे कमी आहे' एवढेच सांगते. यंत्रातल्या १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला बेन्झीन दिसते, मिथेन दिसत नाही. दमट हवेत आकडा पडतो आणि जुन्या डिझेलवर यंत्र जवळजवळ गप्प बसते. नमुना कोणत्या खोलीवरून घ्यायचा हे ठरवण्यापुरते ते उत्तम. प्रयोगशाळेऐवजी ते वापरणे म्हणजे थर्मामीटर बघून शस्त्रक्रिया करणे.

आणि त्या पिशवीतली माती प्रयोगशाळेत पाठवू नये! ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडे थांबावे लागेल. बेन्झीन ८० अंशांना उकळते, पण उडायला त्याला उकळावे लागत नाही. पसरलेल्या, कालवलेल्या, पाटीत मिसळून 'सरासरी' केलेल्या मातीतून ते काही मिनिटांत निघून जाते. शेतीसाठी माती तपासताना पाच ठिकाणची माती मिसळून एक नमुना करतात. ती सवय इथे घातक ठरते. बरणीत चमच्याने माती भरली, वर बोटभर रिकामी जागा राहिली, बरणी दोन दिवस गाडीत फिरली, की उरलेसुरले बेन्झीन झाकण उघडताच जाते. प्रयोगशाळा मग अगदी खरे लिहिते : आढळले नाही.

बरोबर पद्धत अशी. गाभा उघडल्याबरोबर, टोक कापलेल्या छोट्या सिरिंजने, आतल्या न हललेल्या भागातून सुमारे ५ ग्रॅम मातीची कांडी घ्यायची आणि आधीच वजन केलेल्या बाटलीत ५ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ती थेट सोडायची. माती मिथेनॉलखाली पूर्ण बुडाली पाहिजे. बाटलीच्या आट्यांवर मातीचा कण राहिला तर झाकण हवाबंद बसत नाही, म्हणून तोंड पुसायचे. बाटली लगेच बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास. विश्लेषण १४ दिवसांच्या आत. त्याच जागची थोडी माती वेगळ्या बरणीत द्यायची, ओल मोजण्यासाठी; त्याशिवाय कोरड्या वजनाचा आकडा काढता येत नाही. शेजारी मोटार चालू ठेवू नये आणि हातमोजे दर नमुन्याला बदलावेत. पेट्रोल भरून आलेल्या माणसाने त्याच हातांनी नमुना घेतला तर अहवाल त्याच्या हातांचा येतो.

भूजलासाठी निरीक्षण विहिरी लागतात, आणि कमीत कमी तीन, त्याही एका रेषेत नसलेल्या. दोन विहिरींवरून पाणी कोणत्या दिशेला वाहते हे कळत नाही, तीनवरून कळते. रस्ता जिकडे उतरतो तिकडेच भूजल जात असेल असे गृहीत धरून केलेले काम अनेकदा उलट्या दिशेला विहिरी खोदून बसते. साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, आट्यांनी जोडलेला असावा. पाइप चिकटवायचा सोल्यूशन-डिंक अजिबात नको, कारण त्यातली द्रावके पुढे महिनोन्महिने पाण्यात दिसत राहतात. खालचे ३ मीटर बारीक फटींचे, फटींभोवती धुतलेली वाळू, वर किमान अर्धा मीटर बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) सील आणि त्यावर जमिनीपर्यंत ग्राउट, म्हणजे घट्ट होणारे पातळ मिश्रण. फटींचा भाग भूजलपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पसरलेला हवा. तो पूर्ण पाण्याखाली गेला तर वर तरंगणारे पेट्रोल विहिरीत येऊच शकत नाही, आणि मग 'तवंग नाही' अशी नोंद होते. विहीर बांधल्यावर गाळ निघेपर्यंत उपसून एक-दोन आठवडे शांत ठेवावी.

शेजारच्या चालू बोअरचे पाणी जरूर तपासावे, तिथे लोक पाणी पितात म्हणून. पण निरीक्षण विहिरीऐवजी ते चालत नाही. खोल बोअर पाच थरांचे पाणी एकत्र ओढते. वरच्या एका थरातले बेन्झीन त्यात दहा-वीस पट पातळ होऊन मर्यादेखाली येते आणि सगळे आलबेल दिसते.

पातळी मोजताना तेल आणि पाणी वेगळे ओळखणारी फीत वापरावी. विहिरीत ३० सेंटिमीटर पेट्रोल तरंगत असेल तर त्याच्या वजनाने खालचे पाणी दबलेले असते. पेट्रोलची घनता ०.७५ धरली तर खरी पातळी मोजलेल्या पाण्यापेक्षा साडेबावीस सेंटिमीटर वर. तीन विहिरींतला एकूण फरकच दहा सेंटिमीटरचा असेल तर ही दुरुस्ती विसरल्याने प्रवाहाचा बाण साफ उलटा फिरतो. पाइपच्या तोंडाची उंची मिलिमीटरपर्यंत मोजायला सांगतात, ती याच कारणाने. आणखी एक गैरसमज : विहिरीत ३० सेंटिमीटर तवंग म्हणजे जमिनीतही तेवढाच जाड थर, असे नसते. विहिरीतली जाडी जमिनीतल्या थरापेक्षा सहसा जास्त दिसते, आणि बारीक मातीत फारच जास्त.

वेगाचा अंदाज कोणालाही काढता येतो. पाणी वाहून नेण्याची क्षमता दिवसाला १० मीटर असलेली वाळू, दर हजार मीटरला ५ मीटर उतार आणि २५ टक्के उपयोगी पोकळी धरली तर पाणी दिवसाला २० सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ७३ मीटर सरकते. घट्ट चिकणमातीत तेच वर्षाला जेमतेम बोटभर. फुटलेल्या खडकात मात्र हा हिशेब बाजूला ठेवावा. तिथे पाणी फटी म्हणेल तिकडे जाते आणि शेजारची विहीर अगदी स्वच्छ असताना दोनशे मीटरवरची विहीर वास मारू लागते.

बेन्झीन या पाण्यामागे रेंगाळत जाते आणि ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू ते खातात, त्यामुळे त्याचा पट्टा बऱ्याचदा शंभरेक मीटरच्या आत स्थिरावतो. एमटीबीई या पेट्रोलमध्ये घालत असलेल्या जुन्या मिश्रकाचे तसे नाही. ते पाण्यात लिटरला ४० ग्रॅमहून अधिक विरघळते, मातीला चिकटत नाही आणि पाण्याच्याच चालीने निघून जाते. अमेरिकेत सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या त्या याच्यामुळे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वेगळी गंमत आहे : जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, ऑक्सिजन संपवतात, आणि बेन्झीनचा पट्टा त्यामुळे लांबतो.

पाण्याचा नमुना बादलीने उपसल्यासारखा घेऊ नये. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ गतीने उपसा करून, विहिरीची पातळी १० सेंटिमीटरहून खाली न जाऊ देता, दर ३-५ मिनिटांनी आम्लता, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजावा. सलग तीन नोंदी स्थिर आल्या की मगच ४० मिलिलिटरच्या बाटल्या, काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भराव्यात. बाटली उलटी करून टिचकी मारावी. बुडबुडा दिसला तर ती बाटली रद्द. टिकवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, पण पाण्यात चुन्याचे क्षार जास्त असले तर आम्ल पडताच ते फसफसते आणि तोच बुडबुडा बेन्झीन पळवतो. अशा पाण्यात आम्ल न घालता आठवडाभरात तपासून घेणे बरे. ज्या विहिरीत तवंग आहे तिथून विरघळलेल्या बेन्झीनसाठी नमुना घेण्यात अर्थ नाही. तवंग आहे एवढे लिहावे आणि जाडी नोंदवावी.

प्रत्येक पेटीत प्रयोगशाळेतूनच भरून आलेली शुद्ध पाण्याची एक न उघडलेली बाटली प्रवास करून परत गेली पाहिजे. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुनाही, म्हणजे त्याच जागचा दुसरा नमुना, हवा. शुद्ध पाण्यात टोल्युइन (पेट्रोलमधलाच एक घटक) निघाले तर दोष जमिनीचा नाही, पेटीचा आहे. ही बाटली नसलेला अहवाल आम्ही तरी पुढे वाचत नाही.

एकाच भेटीतल्या पाण्याच्या नमुन्यावर विसंबू नये. पातळी चढली की तवंग पाण्याखाली मातीत अडकतो आणि विहिरीतून 'नाहीसा' होतो. उतरली की पुन्हा हजर. पातळी सर्वांत उंच आणि सर्वांत खाली असताना, अशा किमान दोन फेऱ्या लागतात. एक वर्ष, चार फेऱ्या झाल्या तर कल कळतो. जागा ताब्यात घेण्याची घाई असलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण भूजलाला ताबा-तारीख माहीत नसते.

प्रयोगशाळेला 'पेट्रोल तपासा' असे सांगून भागत नाही. एकूण हायड्रोकार्बनचा आकडा जुन्या, विरलेल्या डिझेललाही मोठा येतो आणि ताज्या बेन्झीनला छोटा. बेन्झीन, टोल्युइन, एथिलबेन्झीन, झायलिन, नॅफ्थलीन आणि एमटीबीई ही नावे घेऊन मागावीत. पंप शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला असेल तर एथिलीन डायब्रोमाइड आणि १,२-डायक्लोरोइथेनही. शिशाचा साका इंजिनात साचू नये म्हणून ही दोन पेट्रोलमध्ये घालत, आणि भूजलात ती दशकानुदशके टिकतात. डायब्रोमाइडची अमेरिकेतील पेयजल मर्यादा लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. नेहमीच्या चाचणीला तेवढे बारीक दिसतच नाही. त्याची स्वतंत्र पद्धत मागावी लागते.

'आढळले नाही' या शब्दांशेजारी 'किती पातळीपर्यंत' हा आकडा असलाच पाहिजे. नमुन्यात झायलिन भरमसाट असेल तर प्रयोगशाळा तो शंभर पट पातळ करून तपासते, आणि मग बेन्झीन ०.५ ऐवजी ५० मायक्रोग्रॅमच्या खालचे दिसत नाही. अहवालात लिहिले जाते : बेन्झीन आढळले नाही. मर्यादा १० आहे, यंत्राला ५० पर्यंत आंधळे केले आहे. सर्वांत घाण नमुनाच अशा रीतीने सर्वांत स्वच्छ दिसतो.

इमारत होणार असेल तर जमिनीतल्या वाफेचा प्रश्न वेगळा पाहावा लागतो. मातीत पुरेसा ऑक्सिजन असेल तर दीड-दोन मीटरच्या स्वच्छ थरात जिवाणू ही वाफ बरीचशी संपवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची २०१५ ची मार्गदर्शिका विरघळलेल्या प्रदूषणासाठी सुमारे १.८ मीटर आणि तवंगासाठी सुमारे ४.६ मीटर उभे अंतर धरते. पण गटाराचा पाइप किंवा केबलचा चर मध्ये आला की ही अंतरे निरर्थक होतात. वाफ खडी भरलेल्या चरातून थेट तळघरात येते, म्हणून पहिले मापन गटाराच्या चेंबरमध्ये करावे.

अशा जागेचा अहवाल हाती आला तर निष्कर्षाचे पान शेवटी वाचावे. आधी बोअरच्या नोंदींची पाने उघडावीत. प्रत्येक बोअरची खोली भूजलपातळीशी ताडून पाहावी, नकाशावर नमुन्यांचे ठिपके टाक्या, पाइप आणि मशीन यांच्यावर पडतात की अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात, ते पाहावे. नमुना घेतल्याची तारीख आणि तपासल्याची तारीख यांत किती दिवस गेले ते मोजावे. बोअरच्या नोंदीत 'पेट्रोलचा वास, ५.५ मीटर' असे लिहिलेले असते आणि प्रयोगशाळेला मात्र २ मीटरचा नमुना गेलेला असतो, हे त्या पानांवरच सापडते.

काम संपल्यावर निरीक्षण विहिरी तशाच सोडून देऊ नयेत. झाकण हरवलेली, बांधकामात मोडलेली विहीर म्हणजे वरच्या घाणीला भूजलापर्यंतचा सरळ पाइप. केसिंग (विहिरीतला पाइप) काढून किंवा जागीच ठेवून तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटने ती भरावी. मिश्रण वरून ओतू नये, मध्ये पोकळी राहते. तळापर्यंत नळी सोडून खालून वर भरत यावे. भरलेल्या प्रत्येक विहिरीची जागा आणि तारीख त्या जमिनीच्या कागदपत्रांना जोडावी.

कळावे,

आपले,
भूजल व माती तपासणीच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक